परत घेतलेली गवाही

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे कायम पडलेले असायचे. बाबा बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नवसाच्या बोकडांविरुद्ध पत्रकं छापून आणायचे, गावोगावच्या बाजारात वाटायचे, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गृहपाठ करायचो. वर्गात सगळ्यांच्या वह्या जमा व्हायच्या, माझे मात्र दोऱ्याने शिवलेले कागद. आठवीत कादर सरांनी ते पहिल्यांदा हातात घेतले. माझी विज्ञानाची उत्तरं तपासून झाल्यावर त्यांनी कागद उलटला आणि त्याच लाल पेनाने बाबांचं पत्रकही तपासलं. त्यात एक ओळ होती, 'आकाशात कोणीही नाही, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे.' सरांनी तिच्याखाली रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'कोणी पाह्यलं?'

मी तणतणत घरी आलो. बाबांनी कागद घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मास्तर पक्का दिसते." त्या दिवसापासून सर मला 'पत्रक्या' म्हणू लागले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले.

सर आमच्या रोहिणखेडचेच. उंच, किडकिडीत, डोक्याला पांढरी टोपी, आणि सायकल चालवण्यापेक्षा हातात धरून चालण्याची सवय. कोणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा: "पाह्यलं, का समजलं, का आयकलं?" विहिरीवर भूत दिसलं म्हणणाऱ्या पोरालाही हाच प्रश्न आणि अमक्याने पैसे खाल्ले म्हणणाऱ्या सहकाऱ्यालाही हाच. लोक टाळायचे त्यांना. चहाच्या टपरीवर गप्पा रंगल्या असल्या आणि सरांची सायकल दिसली की बोलणारा गप्प व्हायचा. वर्गात त्यांनी विचारलं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तुम्हाला कसं ठाऊक? आम्ही म्हणालो, पुस्तकात आहे. "म्हंजे आयकलं," सर म्हणाले. "आयकण्यात पाप नाही. पण आयकलेल्याले पाह्यलेलं म्हणू नका."

विश्व प्रसरण पावतं हे शिकवायला त्यांनी आमचा वर्ग युसूफचाचांच्या दुकानात नेला. युसूफचाचा पिंजारी, गाद्या भरायचे, आणि सरांचे लहानपणापासूनचे दोस्त. सरांनी सरकीएवढे लाल दोऱ्याचे तुकडे कापसाच्या दाबलेल्या गोळ्यात खोचले आणि चाचांना पिंजायला सांगितलं. गोळा फुलत गेला, दुकान भरलं, आमच्या नाकातोंडात कापूस गेला. सर म्हणाले, आता तुम्ही यातल्या कोणत्याही एका तुकड्यावर बसला आहात असं समजा. तुम्हाला काय दिसेल? बाकीचे सगळे आपल्यापासून लांब चालले आहेत. प्रत्येकाला असंच वाटेल, आणि मधोमध कोणीच नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं चाचा गादी भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, की जगाची सुरुवात माझ्या दुकानात झाली आणि कादरने अजून मजुरी दिली नाही.

पत्रकाचं दुसरं प्रकरण पुढे बऱ्याच वर्षांनी झालं. मी कॉलेज संपवून परतलो होतो, लिहायला लागलो होतो आणि बाबांची पत्रकं आता मीच लिहीत होतो. सर निवृत्त झाले होते. चाचांच्या मोबाईलवर कुठून कुठून चित्रफिती यायच्या. त्यात असायचं की कुराणात सांगितलेली सात आसमानं म्हणजे वातावरणाचे सात थर, आसमान आणि जमीन एकत्र होती आणि मग वेगळी केली ही आयत म्हणजेच महास्फोट, सगळं चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेलं. चाचांना ते मराठीत छापून वाटायचं होतं आणि खाली सरांचं नाव हवं होतं, विज्ञान शिक्षक म्हणून. त्याच आठवड्यात मीही सरांकडे गेलो होतो. मला उलटं पत्रक हवं होतं, खाली नाव तेच. सरांच्या अंगणात आम्ही दोघं समोरासमोर आलो आणि दोघांनीही मागणी मांडली.

सरांनी आधी चाचांना घेतलं. "वातावरणाचे थर माणसानं मोजले, युसूफ. उद्या कोणी पाचच मोजले त तू काय करशीन? दोन आसमानं पाडशीन?"

चाचा म्हणाले, मग तू सात आसमानं मानत नाहीस का?

"मानतो ना. मले ते दिसले नाही, गणितानं समजले नाही. आयकले. ज्याच्याकडून आयकले, त्याच्यावर माहा ईमान आहे. त्याच्यात दुर्बीण काऊन घालतं?" मग त्यांनी चाचांना सात आसमानांची आयत पुढे वाचायला सांगितली. एकावर एक सात आसमानं, इथपर्यंत सगळे वाचतात, म्हणाले. त्याच्या पुढे हुकूम आहे, की वर पाहा, कुठे भेग दिसते का. पुन्हा पाहा. पुन्हा पुन्हा पाहा, तुझी नजर थकून तुझ्याकडेच परत येईल. "लोकं पाहाचं सोडून पत्रक छापून राह्यले," ते म्हणाले.

मला हसू आलं, ते त्यांनी बरोबर पकडलं. "तू नको हासू बे पत्रक्या. हा म्हणते विज्ञानानं कबूल केलं, तू म्हणतं विज्ञानानं नाकारलं. दोघं एकाच दुकानातून माल आणता, थैल्या फक्त येगळ्या. विज्ञानाले त्या आसमानाबद्दल कोणी इचारलंच नाही."

दोन्ही पत्रकं निघाली नाहीत. मी तेव्हाही देव मानत नव्हतो, आजही मानत नाही. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण सरांबद्दल लिहिणाऱ्याने कुंपणावर बसू नये. पण त्यांच्याइतका सच्चा माणूस मी आमच्या पत्रकवाल्यांत पाहिला नाही. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

आता ईदच्या चंद्राचं सांगतो.

जुन्या मशिदीमागे एक टेकाड आहे. रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला सूर्य मावळताना गाव तिथे जमतं. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. हिशेबाने चंद्र असेल म्हणून चालत नाही, कोणीतरी डोळ्यांनी पाहावा लागतो. आभाळ ढगाळ असलं की दोन भरवशाच्या माणसांनी 'पाहिला' म्हणून गवाही द्यावी लागते. आमच्या गावात पहिली गवाही नेहमी सरांची. ते वेळेआधी जाऊन उभे राहायचे, चंद्राचं वय आणि जागा त्यांनी आधीच काढलेली असायची, आणि तरीही दिसेपर्यंत ते तोंडातून शब्द काढायचे नाहीत. दोनदा मी त्यांना 'असंल, पण दिसला नाही' म्हणून टेकाड उतरताना पाहिलं आहे. दोन्ही वेळा पोरांनी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील.

ज्या ईदचं सांगतो आहे, त्या वर्षी अवकाळीचे ढग होते. पश्चिमेला पाण्याच्या टाकीच्या वर एक फट तेवढी उघडी होती. मोबाईलवर उलटसुलट येत होतं, कुठे दिसला, कुठे नाही. सर बराच वेळ डोळे बारीक करून त्या फटीकडे पाहत होते. मग त्यांनी बोट उचललं आणि म्हणाले, "तो पाहा." शेजारी उभ्या युसूफचाचांनी बोटाच्या रेषेत पाहिलं आणि म्हणाले, "हाव, दिसला." दोघांनी मशिदीत जाऊन गवाही दिली, भोंग्यावर पुकारा झाला, पोरं ओरडत उतारावरून धावली. मीही टेकाडावर होतो. मला काही दिसलं नाही, पण मला कोणी विचारलंही नव्हतं.

सर घरी गेले. त्यांची मुलगी शाहीन नांदुऱ्याहून ईदसाठी आली होती. शिरखुर्म्यासाठी खारका चिरता चिरता तिने सहज विचारलं, अब्बा, चंद्रकोरीची शिंगं कोणीकडे होती? सर सांगायला लागले आणि मध्येच थांबले. हे मला शाहीनताईंनीच सांगितलं. म्हणाल्या, अब्बा खाटेवर बसले आणि बोटांनी हवेत काहीतरी मांडत राहिले, सूर्य इथे, टाकी इथे. शिंगं कुठे असली पाहिजेत ते त्यांना सांगता येत होतं. कुठे होती, ते सांगता येत नव्हतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. चंद्र त्यांच्या हिशेबात होता, आणि तोच त्यांनी फटीत पाहिला होता.

त्यांनी लगेच इमामसाहेबांना गाठलं. तोपर्यंत चार ठिकाणांहून पक्की बातमी आली होती, चंद्र दिसला होता, ईद बरोबर होती. इमामसाहेब भले माणूस. म्हणाले, सर, कोणाचा रोजा बुडाला नाही, कोणाचं नुकसान नाही, राहू द्या. सर राहू देणारे नव्हते.

सकाळी मी आणि बाबा दरवर्षीसारखे ईदगाहच्या भिंतीबाहेर गळाभेटीसाठी उभे होतो. नमाज झाली, इमामसाहेबांचं प्रवचन, खुतबा झाला, आणि भोंग्यावर सरांचा आवाज आला. उर्दूत बोलले, थोडंच बोलले. काल चंद्र होता. तो मी पाहिला नव्हता. तो तिथे असला पाहिजे हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याला मी पाहणं म्हणालो. माझी गवाही मी परत घेतो. अल्लाहने मला माफ करावं, आणि तुम्हीही.

आत कुजबुज सुरू झाली, मग कोणीतरी हसलं. लोक बाहेर येऊन एकमेकांना भेटू लागले. युसूफचाचा सरळ सरांसमोर येऊन उभे राहिले. मी दोन हातांवर होतो.

"तुले नाही दिसला," चाचा म्हणाले, "मंग मी काय लबाड हावो?"

"तुह्यं तू सांग, युसूफ. मी माह्यं सांगतलं."

"मले दिसला होता."

"मंग दिसला असंल."

सरांनी गळाभेटीसाठी हात उघडले. चाचा वळून निघून गेले. साठ वर्षांची दोस्ती भर ईदला, नव्या कपड्यांत, सगळ्यांच्या देखत तुटली.

त्यानंतर जे झालं, त्याचा मला आजही संताप येतो. गावातली पोरं सरांना चिडवू लागली, सर, आज सूर्य पाह्यला का समजला? ज्यांना ते वर्षानुवर्षं टोकत आले होते, त्या सगळ्यांनी हिशेब चुकते केले. मोताळ्याचे आमचेच एक कार्यकर्ते मला म्हणाले, फार झकास मुद्दा मिळाला, पत्रक काढू, मथळा 'चंद्र पाहिलाच नव्हता'. मी त्यांना म्हणालो, आपल्यापैकी एकाने तरी आजवर छापलेली एक ओळ परत घेतली आहे का? ते पत्रक निघालं नाही, आणि ते गृहस्थ पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. बरं झालं.

सरांच्या बाजूने लिहायची परवानगी मागायला मी गेलो, तर ते म्हणाले, "माह्या चुकीचं देऊळ नको बांधू बे. मी काही मोठं नाही केलं. खोटं पडलं होतं, उचललं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ईमानाले गवाही लागत नाही. गवाहीले ईमान लागते. युसूफले हे कोण सांगंन?"

चाचांकडे ते दोनदा गेले. चाचांनी पिंजणं थांबवलं नाही. त्या आवाजात बोलता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या रमजानात सर टेकाडावर चढले नाहीत. शाहीनताईंनी त्यांना नांदुऱ्याला नेलं, डोळ्यांचं ऑपरेशन केलं. मी भेटायला जायचो. स्टेशनजवळची दाट वस्ती, गच्चीवरून तारा आणि टाक्याच दिसायच्या. आता साफ दिसते, म्हणायचे, पण इथे आभाळ पुरत नाही. दर वेळी विचारायचे, युसूफ भेटते का? मी म्हणायचो, भेटतात, बरे आहेत. मी काही जोडून सांगितलं, की तुमची आठवण काढतात, तर ते लगेच मान वर करायचे, "आयकलं?" चाचांनी आठवण काढल्याचं मी ऐकलं नव्हतं.

थंडीत ते गेले. रोहिणखेडलाच दफन केलं. जनाज्याला युसूफचाचा आले, पुढच्या बाजूने खांदा दिला आणि कब्रस्तानापर्यंत कोणाला बदलू दिला नाही.

त्यानंतरच्या एकोणतिसाव्या रोजाला टेकाडावर फारसं कोणी नव्हतं. आता बातमी मोबाईलवर येते, चढायचं कशाला? चाचा एकटेच वर जाताना दिसले म्हणून मी मागे गेलो. टाकीच्या वर धुरकट आभाळ होतं. चाचा सरांच्या जागी उभे राहून, कपाळावर हात धरून पाहत होते. खाली गावात पुकारा झाला, कुठेतरी चंद्र दिसला होता, पोरांचा गलका सुरू झाला. चाचा हलले नाहीत.

"दिसला काय बे, पत्रक्या?" त्यांनी विचारलं. त्या नावाने त्यांनी मला पहिल्यांदाच हाक मारली होती.

"नाही, चाचा. असेल तिथं. मला नाही दिसला."

"मलेही नाही." त्यांनी कपाळावरचा हात खाली घेतला. उताराकडे वळले, आणि कब्रस्तानाच्या बाजूला पाहत म्हणाले, "तवाही नोता दिसला. मले कादरचं बोट दिसलं होतं फक्त."