पांढरा पट्टा मारलेली झाडं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण प्रा. कमलाकर आठल्ये यांचं. ते गेल्याची बातमी मला महाडच्या एसटी स्टँडवर कळली. एक जुना वर्गमित्र गाडीत चढता चढता म्हणाला, "आठल्ये गेले रे! तुला कळवलं नाही कोणी?" कोण कळवणार? आठ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. पुढे शोकसभेत त्यांना 'निसर्गाचे ऋषी' म्हणण्यात आलं. मागच्या बाकावर बसून ते ऐकताना माझा संताप झाला. ऋषी कसले... तापट आणि दीर्घद्वेषी माणूस होता तो. आणि ते नसते तर मी आज पदवीधर नसतो. दोन्ही खरं आहे.

आमची बौद्धवाडी पोलादपूरच्या खालच्या अंगाला. घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. सरांनी मला विज्ञानाला घातलं, स्वतःच्या पंगतीला बसवून जेवू घातलं, आणि शेवटच्या वर्षी आपल्या अभ्यासात सोबत घेतलं. आंबेनळी घाटाच्या वर राखीव जंगलाचा एक तुकडा त्यांनी निवडला होता. त्यातली ऐन आणि किंजळीची झाडं वर्षभर, प्रत्येक ऋतूत पाहायची. कधी पालवी, कधी फूल, कधी पानगळ, सगळं टिपायचं.

त्या डोंगराने आम्हाला कधी जवळ केलं नाही. आषाढात धुकं इतकं, की पुढे चाललेले सर दिसत नसत, फक्त त्यांचं ओरडणं ऐकू येई. जळवा मोज्यांतून आत शिरत. पाऊस संपला की गोचिड्या. हिवाळ्यात घाटावरून येणारा वारा कान कापून काढी. मी एकदा घसरून गुडघा फोडून घेतला, तर सर म्हणाले, "डोंगराला आपण नकोच आहोत. ऊठ."

त्या जंगलाला लागून असलेल्या वरच्या वाडीलाही आम्ही नको होतो. दिवाळीच्या सुमारास उन्हातून तिथे पोचलो. पाणी मागितलं. सोनाबाई नावाच्या म्हातारीने सरांपुढे तांब्या ठेवला आणि मला म्हणाली, "तू वंजळ धर रे, वरून वतते." सरांनी तांब्या सरकवला. म्हणाले, "मग मलाही वरूनच ओता." आणि माझ्या शेजारी उकिडवे बसून ओंजळीने पाणी प्याले. सोनाबाई पुटपुटली, "मास्तर येडा हाय." ... ते पाणी मी विसरलेलो नाही.

पौषात त्यांनी निवडलेल्या झाडांना पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले. पुन्हा आल्यावर झाडं चटकन सापडावीत, एवढाच हेतू. वाडीला विचारावं असं त्यांना वाटलं नाही. शिमग्याआधी गेलो, तर पट्टा मारलेलं प्रत्येक झाड छाटून बोडकं केलेलं. शेंड्यापर्यंत एक फांदी नाही. बाकीच्या झाडांचा टहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, थोडाथोडाच काढला होता, दरवर्षी काढतात तसा. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर टहाळ आणि पालापाचोळा पसरून जाळतात. तो राब. राब नाही तर रोप नाही.

सर वाडीत शिरून ओरडले, "वर्षाचं काम मातीत घातलंत, हरामखोरांनो!"

सोनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "वरडू नको, मास्तर. खात्याची माणसां पट्टा मारतात नि झाड तोडून न्हेतात. तू मारलास तवाच कळला, झाडां सरकारात गेली. जायाचीच, तर आधी राबाला घेतली."

"सरकारचा काय संबंध? ते माझे पट्टे होते!"

"मंग तुझ्या कपाळाला मारायचेस."

बाया हसल्या. मलाही हसू आलं. ते सरांनी पाहिलं. तेवढ्यात सोनाबाई माझ्याकडे वळली, "आणि तू रे? शिकलास नि त्याचा कोयता झालास!"

सरांनी दुसऱ्याच दिवशी वनखात्याकडे तक्रार केली. रखवालदाराने वाडीचे कोयते नेले आणि वाळत घातलेला सगळा टहाळही उचलला. पट्ट्याच्या झाडांचा आणि बाकीचाही. खटला उभा राहिला. साक्षीदार मी. मी त्यांना तक्रार मागे घ्या म्हणून दोनदा विनवलं. ते म्हणाले, "ज्यांनी तुला ओंजळ धरायला लावली, त्यांचा पुळका? साक्ष दे. जूनपासून प्रयोगशाळेतली जागा तुझी." ती नोकरी घरच्या सगळ्यांनी मनात धरली होती.

मी साक्ष दिली नाही. वाडीला तरीही दंड झाला, आणि सरांनी माझ्यासाठी दार कायमचं बंद केलं. खटल्याच्या तारखेआधी मी त्यांना धाडलेल्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्यापाशी आहे. आज ते नाहीत, म्हणून त्यातला शब्द मऊ करावा असं मला वाटत नाही.

"ती. सरांस,
शि. सा. न. वि. वि.
काल एकटाच वर गेलो होतो. वाडीत रोप टाकून झालं आहे. राब न भाजलेल्या जमिनीत ते विरळ आणि पिवळं उगवलं आहे, आणि तण त्याच्या वर गेलं आहे. मला कोणी बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो राहील. पण कोर्टात मला बोलावलंत, तर पट्टे आपण मारले आणि कोणाला विचारलं नाही, हे मी आधी सांगेन. तेव्हा मला न बोलावणं आपल्या हिताचं. प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्या कोणाला द्यावी. आपण माझ्या शेजारी उकिडवे बसलात, त्या दिवसापासून मी आपला आहे. म्हणूनच हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून आपल्याला कळू नये असं वाटलं.
आपला विद्यार्थी."