पट्टेवालीची टिकलीवाली पिल्लं

माझी आत्या शाळेचे गणवेश शिवायची. शिवणखोलीच्या मागच्या दाराशी तिचं जाळीचं खुराडं होतं आणि त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्या. आजोबांनी सांभाळलेली ही जुनी जात आता आसपास फक्त तिच्याकडेच उरली होती. लोक आत्यालाच पट्टेवाली म्हणत. तिला ते आवडायचंही.

एका वर्षी तिने पक्ष्यांच्या प्रदर्शनात जोडी मांडली. परीक्षक निवृत्त पशुवैद्य. त्यांनी चष्मा वर सरकवला नि नाक मुरडलं.

"बाई, कोंबडा केवढा फिका! कोंबडी गडद. भेसळ आहे ही."

आत्याच्या जिव्हारी लागलं. सतरा वर्षं कुठल्या अंड्यातून काय निघालं, ते तिने वहीत लिहिलं होतं.

"डॉक्टर, पट्ट्यांचा गुण कोंबड्याला आई-बाप दोघांकडून मिळतो. कोंबडीला एकट्या बापाकडून. त्याला दुहेरी, म्हणून पांढरं जास्त."

"वहीत काय, काहीही लिहिता येतं."

"मग डोळ्यांनीच बघा. हीच कोंबडी काळ्या कोंबड्याबरोबर ठेवते. आईचे पट्टे फक्त लेकांना जातील, लेकी काळ्या. जन्मल्या दिवशी नर-मादी वेगळे करून दाखवते."

मग तिने पट्ट्यांची कोंबडी नि काळा कोंबडा या जोडीची अंडी उबवायला ठेवली. एकविसाव्या दिवशी डॉक्टर आमच्याकडे हजर. चौदा पिल्लं निघाली, आणि सगळी काळीच! "आत्या, पट्टे कुठायत?" मी विचारलं.

"अगं, डोकी बघ ना," आत्या म्हणाली.

आठांच्या डोक्यावर पांढरी टिकली होती. "हे नर," ती छातीठोकपणे म्हणाली. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने त्या आठांच्या पायात लाल दोरा बांधला. पिल्लं वाढली तसा तो दोनदा सैल करावा लागला.

दोन महिन्यांनी डॉक्टर परत आले. लाल दोऱ्याच्या आठही जणांना पट्टे आणि टपोरे तुरे फुटले होते. उरलेल्या सहा काळ्याभोर तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. डॉक्टरांनी एकेक पिल्लू हातात धरून उलटंपालटं केलं. एकही चूक सापडेना.

पुढच्या प्रदर्शनात त्यांनी भर मंडपात सांगितलं, "मी भेसळ म्हणालो, ती माझी चूक. हे ज्ञान मला या बाईंनी दिलं." टाळ्यांत सगळ्यात जोरात माझ्याच वाजल्या.

जाताना डॉक्टर हळूच म्हणाले, "तुमच्याकडची डझनभर अंडी मिळतील का, उबवायला?"

"देते की. पण जाळी बारीक लावा," आत्या म्हणाली. "तुमच्या गल्लीत मांजरं फार."