सभा उठेना

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या आमच्या गावची सभा मार्चमध्ये भरते, बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झालेला असतो तेव्हा. सगळं गाव लाकडी सभागृहात बसतं आणि हात वर करून कारभार ठरवतं. सभापती ऑल्डन पीझली. एरवी मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करणारा अबोल माणूस. अंगाला कायम गोड वाफेचा वास. सभेत मात्र बोलणाऱ्याने आधी नाव आणि रस्ता सांगायचा, हा त्याचा हट्ट. बायकोलाही सूट नव्हती.

यंदा गावाच्या कारभाराच्या नव्या सनदेवर मतदान होतं, तेही हात वर करून नव्हे, चिठ्ठ्या टाकून. ती मंजूर झाली तर कारभार निवडून दिलेल्या पाच जणांकडे जाणार आणि ही सभा कायमची बंद होणार.

सभापतीला बाजू घेता येत नाही. बोलायचंच असेल तर खुर्ची सोडावी लागते. ऑल्डनने ती कधीच सोडली नव्हती. त्या दिवशी त्याने सभापतीची हातोडी बायकोच्या, हेस्टरच्या हातात दिली, आमच्यात येऊन बसला आणि हात वर केला.

“नाव?” हेस्टर म्हणाली.

“हेस्टर, पुरे हं!”

“नाव आणि रस्ता. नाहीतर बसा खाली.”

हशा पिकला.

“ऑल्डन पीझली. गिरणीचा रस्ता,” तो पुटपुटला. मग खिडकीकडे वळला. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

“मला ही सभा सोडवत नाही,” तो म्हणाला. “म्हणूनच माझं ऐकू नका. दिवसभर इथे बसायला सवड कुणाला आहे? रात्रपाळीवाले येत नाहीत, लहान पोरांच्या आया येत नाहीत. ही एक आली आहे, तर तिचं सगळं लक्ष पोरीच्या कपाळावर.”

माझा हात खरंच तिथे होता. लेकीला सकाळपासून कणकण होती.

“मग तुमचं मत कुणीकडे?” मागून कुणीतरी ओरडलं.

“ते चिठ्ठीवर. तुला कशाला सांगू?”

चिठ्ठ्या पडल्या. सनद मंजूर झाली. हेस्टरने आकडा वाचला. टाळी एकही वाजली नाही.

आमच्याकडे ‘सभा उठवावी’ असं कुणीतरी हात वर करून सुचवल्याशिवाय सभा उठत नाही, आणि ही तर शेवटची सभा. हेस्टर हातोडी धरून थांबली. कुणी हात वर करेना. पाकासारखं दाट ऊन खुर्च्यांवरून सरकत भिंतीवर चढलं. लेक मांडीवर झोपून गेली. सगळे जण पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे निश्चल. ऑल्डन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

“कुणी काही सुचवतंय का?” हेस्टरने हळूच विचारलं.

ऑल्डनने हात मांड्यांखाली आणखी आत सरकवले.