साखर हाय की न्हाय

नीलमनगरात केराबाई रुपनवरांशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. भांडण नळावरचं असो, गच्चीवरच्या पापडांचं असो की बचत गटातलं, बाई शेवटी पदर खोचून एकच वाक्य टाकत: "मला माझ्या सासऱ्यानं साखर म्हणलंय. टेपात हाय. ऐकायचं का?" समोरची गप्प बसे. नाही म्हणावं तर भांडण वाढतं, आणि हो म्हणावं तर कॅसेट ऐकावी लागते.

आता ही कॅसेट काय भानगड आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढची मजा कळेल.

केराबाईंचे यजमान येडूअण्णा माळशिरसकडच्या मेंढपाळाघरचे. तरुणपणी सोलापुरात आले, टॉवेलच्या कारखान्यात लागले आणि बत्तीस वर्षं मागांच्या खटखटाटात उभे राहिले. त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही ते अक्कलकोटला हाक मारावी तसे बोलतात. केराबाईंना उत्तर देताना तेवढाच आवाज लावावा लागतो. या नवराबायकोचं गुपित आधी गल्लीला कळतं आणि मग एकमेकांना. आम्हा शेजाऱ्यांना वर्तमानपत्र लावायची गरज पडली नाही ती त्यामुळेच.

येडूअण्णांचे वडील बिरुदेव आबा गावच्या जत्रेत ओव्या म्हणायचे. तीसेक वर्षांपूर्वी येडूअण्णांनी नवाकोरा टेपरेकॉर्डर गावी नेला, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढवाड्यापाशी आबांची ओवी भरून घेतली. ढोल, झांजा, मागं मेंढरांचं बें-बें. ओवीच्या मधेच आबा थांबतात, काहीतरी बोलतात आणि परत सुरू होतात. ते मधलं बोलणं घरच्या डेकवर असं ऐकू यायचं: "सूनबाई," मग एक घरघर, मग "साखर" आणि "हाय", पुढं परत घरघर. मधल्या घरघरीच्या जागी केराबाईंनी स्वतःच्या हातानं "माझी" बसवलं. सूनबाई माझी साखर हाय! झालं.

बरं, त्या वेळी केराबाई तिथं नव्हत्या, विहिरीवर गेल्या होत्या. ही तर त्यांच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. "तोंडावर कुणीबी गोड बोलतंय," त्या म्हणायच्या, "माझ्या माघारी बोललं मामा. माघारी बोलतंय ते खरं."

आबा गेले, मेंढरं गेली, पण ही साखर राहिली. भावकीत नवी सून आली की तिला या कॅसेटपुढं बसवायचे. केराबाईंची स्वतःची सून ऋतुजा, केम गावची पोरगी, दवाखान्यात नर्स आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिनं ती कॅसेट अकरा वेळा ऐकली होती. "सून कशी असावी, कळलं का गं?" असं केराबाई विचारायच्या. ऋतुजा मान हलवायची आणि इंजेक्शन द्यायला निघून जायची.

तर एवढं सगळं ज्या डेकच्या जोरावर चाललं होतं, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर लग्नाच्या मांडवातून निवृत्त होऊन येडूअण्णांकडे आला होता. त्यातून फक्त धुम्म धुम्म निघायचं. बाईनं गायलं तरी धुम्म, बासरी वाजली तरी धुम्म. मागच्या गणपतीत ऐन आरतीला त्यातून धूर निघाला. सगळ्यांना वाटलं धूप लावलाय. दोघीतिघींनी तर हात फिरवून तोंडावरून घेतला.

येडूअण्णांनी तो उचलला आणि नव्या पेठेच्या मागच्या बोळात बसलिंगप्पाकडे नेला. हा बसलिंगप्पा अक्कलकोटकडचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो, आणि गिऱ्हाइकापेक्षा त्याच्या मशीनवर जास्त जीव लावतो. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि टोपी काढली.

"हे मेलंय री, अण्णा. मी दुसरं बांधून देतो. वजनदार ट्रान्सफॉर्मर, नवा बोर्ड. तुमच्या जुन्यानं आजवर सगळं बारीक बारीक खाल्लंय. टेपमध्ये आहे सगळं, हे बाहेर येऊ देत नव्हतं."

पंधरा दिवसांनी नवी पेटी घरी आली. काळी, पुढं निळा दिवा, एक बटण जाड आवाजाचं, एक बारीक आवाजाचं. येडूअण्णांनी एक जुनं सिनेमाचं गाणं लावलं आणि उडीच मारली.

"केरे! बाई श्वास घेती!"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "कुटली बाई?"

"टेपातली! गायच्या आदी श्वास घेती! येवडी वर्सं मला वाटलं ती तशीच गाती!"

"तुमाला काय करायचंय तिच्या श्वासाचं? माजा चाललाय का बगितलं का कदी?"

पण अण्णा कशाचे ऐकतात! चार दिवस त्या माणसाला भूक नव्हती की झोप नव्हती. तबल्यावर बोट सरकलेलं ऐकू येतं म्हणून ते मला हाताला धरून घेऊन गेले. हार्मोनियमचा भाता कुरकुरतो म्हणून भाजीवाल्याला वर बोलावलं. एका भजनाच्या कॅसेटमध्ये तर अभंगाच्या मागं कुणीतरी स्पष्ट विचारतं, "तंबाकू हाय का?" आणि दुसरा म्हणतो, "संपली." हे कळल्यावर अण्णा इतके हसले की त्यांची कवळी सुटली. वीस वर्षं तेच भजन त्यांनी डोळे मिटून ऐकलं होतं.

आणि मग व्हायचं ते झालं. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी आबांची कॅसेट लावली. केराबाई पाटावर बसल्या, पदर सावरून, सत्काराला बसावं तशा. ऋतुजाची ड्युटी नव्हती, ती दारात उभी. ढोल असा आला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मेंढरं तर घरातच शिरल्यासारखी. आबांचा आवाज खरखरीत, उंच. आणि ते थांबले. आणि घरघर नाही, काही नाही, लख्ख काचेसारखं:

"सूनबाई, च्यात साखर न्हाय!"

केराबाईंनी झडप घालून खटका बंद केला.

ऋतुजानं ओढणी तोंडात कोंबली होती; तिचे खांदे हलत होते. शेवटी अण्णा हळू बोलले, म्हणजे फक्त तीनच घरांना ऐकू गेलं: "च्यात म्हणला व्हय आबा?"

"काय न्हाय म्हणलं! मशीन खोटं हाय!" केराबाई कडाडल्या. मग ऋतुजाकडे वळल्या. "आन् तू, दात काडू नगस. हितलं तितं गेलं तर बग."

"न्हाय आत्या. कुटं जाणार?" असं म्हणून ऋतुजा आत पळाली आणि उशीत तोंड खुपसून खिदळली. तेही ऐकू आलं आम्हाला.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. अण्णांनी आदल्याच दिवशी धाकट्या बहिणीला, मोहोळच्या विजयमालाला, फोन केला होता. "रविवारी ये, आबा जित्ता व्हनार बग हितं!" असं ओरडून. ही विजयमाला म्हणजे केराबाईंची नणंद. तीस वर्षं साखरेची कॅसेट लागली की ती पंख्याकडे बघत गालात हसायची. जळती, असं केराबाईंचं ठाम मत. आता त्याच नणंदेपुढं ही गोष्ट उघडी पडणार! मग भावकीतल्या लग्नात कुठं बसायचं, आणि कुठल्या तोंडानं कुणाला काय शिकवायचं?

केराबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून बसलिंगप्पाच्या दुकानात हजर.

"भाऊ, ते मशीन पयल्यासारकं करून दे."

"काय बिघडलं री अम्मा?"

"कायबी बिघडलं न्हाय. तेच म्हणती मी. बिघडव."

बसलिंगप्पाच्या हातातला कढईएवढा मोठा स्पीकर खाली पडता पडता राहिला. "अय्यो! तीस वर्षं झाली दुकानाला. लोक चांगलं करा म्हणून भांडतात. बिघडवा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"जरासं. घरघर येऊ दे नुसती. मधी मधी."

"पाप आहे री ते! माझ्या हातानं नाही होणार." वर त्यानं विचारलंच, "कुणी येणार आहे काय ऐकायला?"

केराबाईंनी चुकून "रविवारी" म्हणून टाकलं आणि जीभ चावली.

रविवार उजाडला. विजयमाला शेंगाचटणीचा डबा घेऊन आली. केराबाईंनी आधीच बंदोबस्त केला होता: बारीक आवाजाचं बटण पार डावीकडं फिरवून त्याचं टोपण उपटून काढलं आणि कनवटीला खोचलं. मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण भिंत एकच असल्यावर बोलावणं कसलं.

अण्णांनी कॅसेट लावली. धुम्म धुम्म. अण्णा गोंधळले. "असं न्हवतं गं विजा, कालपतुर लई झ्याक होतं!" त्यांनी पेटीच्या पाठीवर थापा मारल्या. केराबाई अगदी गरीब तोंड करून म्हणाल्या, "नवं हाय की. दमलं असंल."

आणि तेवढ्यात दारात कोण? बसलिंगप्पा! धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. आपल्या मशीनची तारीफ ऐकायला आला होता बिचारा. धुम्म धुम्म ऐकलं आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या लेकराला कुणी उपाशी ठेवलंय. चपलासुद्धा न काढता तो आत घुसला.

"टोपण कुठं गेलं री? कुणी केलं हे?"

"ऱ्हाऊ दे, भाऊ, च्या घ्या आदी—"

कसला चहा! त्यानं खिशातून पक्कड काढली, बटणाची उघडी दांडी धरली आणि उजवीकडं करकरून फिरवली. त्याच क्षणी आबा खोलीच्या मधोमध येऊन बोलले:

"सूनबाई, च्यात साखर न्हाय!"

केराबाईंनी खटक्याकडे झेप घेतली, पण मधे बसलिंगप्पा उभा, पक्कड घेऊन. आणि कॅसेट पुढं गेली. तिथं एका पोरीचा आवाज होता, लांबून, चिडका:

"आबा, वैनी हिरीवर गेलीया. च्या मी केलाय!"

मग एक भला मोठा सुर्रर्र. आणि आबा, एकदम मऊ पडून:

"मग हाय. हाय की! लई गोड हाय."

सगळ्यांचे डोळे विजयमालाकडे. ती पंख्याकडे बघत होती, आणि कान लाल झाले होते.

"वन्सं," केराबाई सावकाश म्हणाल्या, "तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"तीस वर्सं?"

"मग काय करू वैनी? सांगितलं असतं तर बिनसाकरेचा च्या कुनाचा, ते सांगावं लागलं असतं की. आन्..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आबानं मला गोड म्हणून तेवडा एकच च्या पिला. ते मी माज्यापाशी ठिवलं. तुमी तुमची साकर वाटीत ऱ्हायलासा, मी माजी खात ऱ्हायले."

"म्हंजी गुन्हा तुमचा आन् तकरार माज्या नावावर!"

"व्हय की!"

आम्ही सगळे दम धरून बसलो. आता केराबाई रडतात की डबा फेकून मारतात? आणि अण्णा! त्यांचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. कॅसेट मागं घेऊन ते पुनःपुन्हा तेवढाच सुर्रर्र ऐकत होते. "आबा च्या पितोय बगा! बशीतनं पितोय!" डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. "ओवी तर समदीच म्हनत्यात. असा च्या कोन पितंय सांगा!"

त्या सुर्रर्रच्या सातव्या का आठव्या खेपेला केराबाईंच्या तोंडावर काहीतरी उजेड पडला. त्या उठल्या. कनवटीचं टोपण काढून त्यांनी बसलिंगप्पाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या:

"बरूबर हाय. ऐका समदे. लेकीचा च्या हाय म्हणल्यावर मामा खोटं बोललं का न्हाय? लई गोड म्हणलं. का? ती पावनी! दोन दिसानं जाणार मोहोळाला. पावन्याला कोन नावं ठिवतंय? आन् सुनेचा वाटला तवा? तोंडावर! न्हाय म्हंजी न्हाय! म्हंजी घरची कोन? सांगा की! मामांनी मला येवडी आपली मानली!"

विजयमालानं तीस वर्षं जपून ठेवलेली गोडी उचलून वैनीनं तिलाच पाहुणी करून टाकलं होतं. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. केराबाईही हसू लागल्या, दोघी एकमेकींच्या खांद्यावर थापा मारत. बसलिंगप्पा टोपण बसवत विचारत होता, "पण आवाज कसा वाटला री? आवाजाचं कुणी बोलेना!"

संध्याकाळपर्यंत नवा कायदा गल्लीभर झाला: जे आपलं, ते तोंडावर नावं ठेवतं, गोड बोलतो तो पाहुणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या भिंतीला आपोआप ऐकू आलं. ऋतुजा जेवायला बसली होती. एक घास घेतला आणि म्हणाली, "आत्या, आमटीत मीठ न्हाय."

वर्षभरात त्या पोरीनं पहिल्यांदा नाव ठेवलं होतं. मी कान लावला. मग केराबाईंचा आवाज, भरून आलेला:

"अगं बया! आज झालीस बग ह्या घरची!"

अण्णांना वाटलं, बायकोचं मन राखावं. बिचाऱ्यांनी भुरका मारून जाहीर केलं, "केरे, आमटी लई झ्याक झालीया!"

"आसं?" केराबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं संसार केला, आन् मला पावनी समजता व्हय?"