मुलांचंही रक्त तपासा

माझ्या सासरी पुरुषांच्या हातांचं भारी कौतुक. बोटांच्या मागच्या बाजूला, सांध्यांवर, टणक गाठी असायच्या. सासूबाई म्हणायच्या, हे कष्टाचे हात. मला बघायला आले तेव्हा त्यांनी ह्यांना हात पुढे करायला लावला आणि माझ्या वडिलांना दाखवला. वडील एकदम खूश. माझे सासरेही असेच हात घेऊन नामपूरच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचे आणि चाळिशीच्या आतच, बाजारातच कोसळून गेले. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं नजर लागली. तो विषय तिथेच संपला होता.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. आम्ही अंबडजवळच्या नव्या वसाहतीत राहत होतो. हे तिथल्याच एका कारखान्यात लेथवर होते, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची, आणि सासूबाई. छत्तीस वर्षांचा माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जातो आणि दुपारी निरोप येतो की छातीत दुखून मशीनजवळच पडला, हे मला आज लिहितानाही खरं वाटत नाही. ते वाचले. पण घरी सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी ह्यांचे हात उलटसुलट करून पाहिले, मग पायमोजे काढायला लावून टाचेच्या वरची जाड शीर चिमटीत धरली.

"ह्या गाठी कधीपासून आहेत?"

"कष्टाचे हात आहेत, डॉक्टर," मी सांगितलं. वर जरा फुशारकीनंच सांगितलं.

ते हसले नाहीत. "बाई, ह्या कामाच्या गाठी नाहीत. रक्तात चरबी फार वाढली की ती अशी हातांवर, टाचेच्या शिरेत साठत जाते. कोलेस्टेरॉल म्हणतात त्याला." मग त्यांनी सासऱ्यांचं विचारलं, ह्यांच्या काकांचं विचारलं. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. शेवटी म्हणाले, "हे घराण्यातून येतं. एखाद्या मुलात उतरतं, एखाद्यात नाही. मुलांचंही रक्त तपासा."

नवरा वाचला म्हणून देवाचे आभार मानायचे की पोरांसाठी रडायचं, तेच कळेना.

त्या दिवसापासून मला एकच वेड लागलं, टाचा बघायचं. मुलांना अंघोळ घालायचं वय केव्हाच सरलं होतं, तरी मी पाय घासायच्या निमित्तानं न्हाणीत शिरायची आणि घोट्यामागची शीर चाचपायची. मुलगा ओरडायचा, "आई, गुदगुल्या होतात!" आज ती जाड वाटायची, उद्या बारीक. शाळेत प्रार्थनेला मुलं डोळे मिटून उभी राहिली की मी रांगेच्या मागून सगळ्यांच्या टाचा बघत फिरायची. निम्म्या वर्गाच्या टाचा मला जाड दिसल्या. मुख्याध्यापकांनी विचारलं, काही हरवलंय का? मी काय सांगणार, कपाळ!

सगळ्यात जास्त भीती मुलाची वाटायची. तो हुबेहूब ह्यांच्यासारखा. चाल तीच, शिंक तीच. पोरीची काळजी तेवढी नव्हती, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. आईच्या मनाला जे दिसतं तेवढंच ते घाबरतं.

शेजारपाजारी वेगळीच तऱ्हा. कोलेस्टेरॉल म्हणजे शेठ लोकांचं दुखणं अशी सगळ्यांची समजूत. एक शेजारीण तर सरळ म्हणाली, "अहो, दिसायला तर काटक्या तुम्ही, चोरून तूप खाता की काय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मटण महिन्यातून एखाद्या रविवारी. तेही आता बंद, अंड्याचा पिवळा बलक बंद, डालडा तर घराबाहेरच काढला होता.

आणि सासूबाई. त्यांनी रक्ताचं ऐकल्यापासून घर डोक्यावर घेतलं. "पोरगी चांगली खेळी ऱ्हायनी, कशाले तिनं रगत काढतस? उद्या लगीन कसं व्हई तिनं?"

"आणि नाही तपासलं, आणि मोठेपणी ह्यांच्यासारखं झालं तर?" मी म्हटलं.

त्या पदर तोंडाला लावून हमसून रडल्या. मला वाटलं नातीसाठी रडतात. पण त्या म्हणाल्या, "मी त्यासले रोज लोणी वाढे." सासऱ्यांना. इतक्या वर्षांनी त्यांना वाटलं, आपल्याच हातानं आपण नवऱ्याला मारलं. मी त्यांना जवळ घेतलं. हे खाण्यामुळे नाही, रक्तातूनच येतं, असं दहा वेळा सांगितलं. त्यांना पटलं नाही. मग मीही त्यांच्याबरोबर रडले.

तरी मी मुलांना नेलंच. रात्रीपासून पोटात काही नको असं सांगितलं होतं, त्यामुळे मुलगा बसमध्ये भुकेनं किरकिरत होता. रविवार कारंज्याजवळच्या लॅबमधल्या माणसानं चिठ्ठी दोनदा वाचली. "बाई, मुलांचं कोलेस्टेरॉल? डॉक्टरांनी चुकून लिहिलं नाही ना?" क्षणभर मला इतकं बरं वाटलं! चुकूनच लिहिलं असेल, परत जाऊ या. पण मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे." सुई टोचताना मुलगा ओरडला. मुलगी मात्र आपल्याच हाताकडे टक लावून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून मी परस्पर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही रिपोर्ट बघितले. "मुलगा अगदी व्यवस्थित आहे." माझा जीव भांड्यात पडला. हसूच फुटलं मला. आणि ते हसू तोंडावर असतानाच डॉक्टर म्हणाले, "मुलीचं फार जास्त आहे."

एवढ्या लहान पोरीला द्यावं असं औषध त्यांच्यापाशी नव्हतं. पथ्य सांभाळा आणि दर वर्षी रक्त तपासा, एवढंच ते सांगू शकले. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. ज्याच्यासाठी इतके दिवस झुरले तो ठणठणीत, आणि जिच्याकडे नीट बघितलंही नाही ती अशी.

हे दारातच उभे होते. मी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "कोण?"

मी मान हलवून आत खेळणाऱ्या पोरीकडे दाखवलं. ते भिंतीला टेकले. "माझ्यामुळे," म्हणाले. "माझंच तिच्यात आलं."

पोरीनं ते ऐकलं. काचाकवड्या टाकून धावत आली. "पप्पांचं माझ्यात आलं? दादात नाही आलं?" दादात नाही आलं, असं मी म्हणाले, तशी ती भावाकडे वळली आणि त्याला ठेंगा दाखवला. "बघ! पप्पांचं मलाच मिळालं!"

ह्यांनी तिला उचलून घेतलं. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली होती. तिच्या खांद्यात तोंड खुपसून ते रडत होते आणि ती त्यांच्या गळ्यात हात टाकून दादाला वेडावत होती. मी ह्यांना अडवलं नाही.