अंबाऊसाहेबांचा करंडा

उन्हं सदरेच्या पायरीवरून उतरली की फैसला व्हायचा आहे. तोवर घटकाभर पाठ टेकावी म्हणून गोदाऊ आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच कुणीतरी पायाशी बसून तांदूळ निवडू लागतं. तिच्या सासूबाई, अंबाऊसाहेब. त्यांना जाऊन चौदा दिवस झालेत, पण तांदळातले खडे त्यांना अजून पहिल्यासारखेच सापडतायत.

गोदाऊला भीती वाटत नाही, नवल वाटतं. जिवंतपणी दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. गेल्या साली गोदाऊचा नवरा लढाईत पडला, तेव्हापासून गडाचा थोरला शिक्का सुनेकडे आणि धाकटा सासूकडे. कागदाच्या माथ्यावर थोरला, शेवटी धाकटा. दोन्ही उमटले तरच हुकूम खरा. आज तिच्या सहा वर्षांच्या जयाजीला गादीवर बसवायचा कागद तयार आहे, आणि धाकटा शिक्का कुठे ते न सांगताच सासूबाई गेल्या. कणग्या उपसल्या, देव हलवले, जमीन खणली. तो सापडला नाही तर सावत्र दीर हैबतराव जुने शिक्के मोडून आपल्या नावाचे पाडणार, हे गडावरचं शेंबडं पोरही जाणतं.

आता दोघी सदरेवर बसल्या आहेत. बैठकीवर माणसं नाहीत, नुसत्या पगड्या ओळीनं मांडल्या आहेत आणि तळ्याचं पाणी घोट्याला लागतंय. सासूबाई तांदूळ निवडतच आहेत. शिक्का कुठं ठेवलात, असं गोदाऊ विचारते.

"तुमचा कुंकवाचा करंडा कुठाय, सूनबाई?"

"आडात टाकला. त्याच दिवशी."

"मी नाही टाकला. तीस वर्षं फडताळात डोळ्यांसमोर आहे."

शोधताना गोदाऊनं स्वतः तो करंडा दोनदा बाजूला सारला होता, तोही पदराच्या टोकानं. विधवेचा करंडा कोण उघडतो?

"पण माझ्यापासून का लपवलात?" खरं तर तिला एवढंच विचारायचं होतं.

"तुमच्या हाती दिला असता तर माझ्या दहाव्या दिवशीच हैबतच्या कागदावर उमटवला असतात."

हे खरं आहे. गादी घ्या, पण माझं पोर जगू द्या, असा निरोप तिनं दिराला धाडला होता. ते कुणालाच ठाऊक नाही, असं ती समजत होती. तिला लाज वाटते, आणि का कोण जाणे, हलकंही वाटतं.

"आता भीती गेली?" सासूबाई विचारतात.

"नाही. पण आता भीत भीत का होईना, नाही म्हणता येतं."

सासूबाई पहिल्यांदाच ताटातून मान वर करतात. पगड्या नाहीत, सदर नाही. तळ्याच्या भिंतीत फडताळ आहे, आणि करंड्याचं झाकण गोदाऊच्या हातात. ती दोन बोटं आत घालते. कोरडं, मऊ कुंकू, आणि खाली काहीतरी गार लागतं. मी तुम्हांला कधी आवडले का, हे विचारायला ती तोंड उघडते, तोच शिंग वाजतं.

"बाईसाहेब, सदर भरली," दासी रखमी तिला हलवत असते.

"फडताळातला आऊसाहेबांचा करंडा आण."

रखमी जागची हलत नाही. तो कसा उघडायचा, असं खाली बघून पुटपुटते.

गोदाऊ उजवा हात पुढे करते. दोन बोटं पेरापर्यंत लाल आहेत.

"उघडून झालाय," ती म्हणते.