रग्बीत चितपट

व्यावसायिक रग्बीपटू म्हणून माझी पहिली कमाई दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या कॉलेजात कवायत शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सर आले आणि येताना लांबट चेंडू घेऊन आले. हा खेळ आपल्या भागात मूळ धरणार, असं त्यांचं ठाम मत होतं. आपल्या भागात उसाशिवाय काय मूळ धरतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी सणसरचा. घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस होता आणि दोन्ही काळांत कुस्ती होती. आबा, म्हणजे माझे वडील, ऐन उमेदीत चांगले पैलवान. पाचव्या वर्षी त्यांनी मला तालमीच्या मातीत उतरवलं आणि सतराव्या वर्षी मी गावच्या जत्रेत, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर, सांगवीच्या एका पोराखाली मिनिटभरात उताणा पडलो. माझ्यासाठी आबांनी पिशवीतून नवा फेटा आणला होता. तो घडी न मोडता घरी परत गेला आणि आबा माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. म्हणजे ‘उसाला दारं धर’ आणि ‘मोटर बंद कर’.

रग्बीत मात्र मी चमकलो. कारण उघड होतं. नियम कुणालाच येत नव्हते, त्यामुळे माझं काय चुकतं हेही कुणाला कळत नव्हतं. दोन वर्षांनी सरांनी जाहीर केलं की पुण्याचा एक क्लब बारामतीला सामना खेळायला येतोय आणि आमच्यातला एकजण निवडून नेणार आहे. राहायला खोली, जेवण, शिवाय खेळाडू म्हणून नोकरी. मला ती जागा काहीही करून हवी होती. खोली-बिली राहू द्या, मला घरी जाऊन ‘निवड झाली’ एवढे दोन शब्द आबांना ऐकवायचे होते.

सामन्याच्या दिवशी ट्रॉली भरून गाव आलं. हलगी होती, गुलाल होता, आबांच्या काखेत तीच पिशवी होती. खेळ कोणता, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

“चेंडू कशाला हाय मग?” एका तात्यांनी विचारलं.

“इनाम आसंल,” दुसऱ्यांनी खुलासा केला.

शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि आम्ही थोडक्यात पुढे होतो. पुण्याचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन माझ्या अंगावर आला. मी वाकलो, त्याच्या दोन्ही पायांना मिठी घालून पट काढला आणि त्याला पाठीवर पाडलं. दोन्ही खांदे मातीला टेकले. यापुढे उठून त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूवर झडप घालायची, हे सर दोन वर्षं घसा फोडून सांगत होते. पण बारा वर्षांच्या सवयीला दोन वर्षांचं ओरडणं ऐकू येत नाही. मी उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि कुस्ती झाली असं पंच कधी म्हणतात त्याची वाट पाहू लागलो.

पंचांआधी गाव आलं. हलगी कडाडली, गुलाल उडाला आणि सगळ्यांच्या पुढे धावत आलेल्या आबांनी मला खांद्यावर घेतलं.

वरून मैदान फार छान दिसतं. पुण्याचा दुसरा खेळाडू तो चेंडू उचलून, आमच्या मिरवणुकीला वळसा घालून, आरामात शेवटच्या रेघेपलीकडे टेकवून जिंकायचे गुण घेताना दिसला. सर डोकं धरून बसलेले दिसले. पंचांची शिट्टी तोंडातच होती, कशाकशासाठी वाजवावी हे ठरत नसावं. सामना संपलेला नाही, हे मी खाली उतरून सांगायला हवं होतं. पण दोन वर्षांनी आबांच्या हातांनी मला धरलं होतं. मी हात वरच ठेवले.

निवड अर्थातच झाली नाही. ट्रॉलीत आबांनी विचारलं, “झालं का निवडीचं?”

“कळवत्याल,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पिशवी मांडीवर तशीच होती. गडबडीत फेटा बांधायचा राहिला असणार, अशी मी माझी समजूत घातली. पुढे वर्षभर आबा माझ्याशी मोकळं बोलत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या वर्षी तो क्लब पुन्हा आला. या खेपेला मी गावात कुणाला पत्ता लागू दिला नाही. गडी पाडला, लगेच उठलो, चेंडू घेतला आणि पळालो. निवडीचं पत्र घेऊन घरी आलो आणि अडचण लक्षात आली. जी गोष्ट वाजतगाजत होऊन गेली, ती परत सांगायची कशी?

“आबा, निवड झाली,” मी म्हणालो. “खरी.”

आबा उठले. ट्रंकेतून फेटा काढला. जत्रेतलाच, घड्यांवर रंग उडालेला. माझ्या डोक्याला बांधू लागले.

“गेल्या साली का न्हाय बांधला?”

“त्यो दुसरा गडी चेंडू घिऊन पळाला, तवाच वळखलं म्या.” त्यांनी शेवटचं टोक खोचलं. “पर एकदा खांद्यावर घेतलेलं पोरगं समद्या गावादेखत खाली ठिवायचं कसं?”